पानापानावर

"तू नको, मावशीच वाचेल," म्हणत लेकीने बडबडगीतांचं जुनं पुस्तक आईच्या हातातून ओढून घेतलं, तेव्हा आईच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. पुस्तक तिच्याच लहानपणचं, गाणी तिला तोंडपाठ. मग दिवसभर पोरीला सांभाळणाऱ्या त्या बाईने अशी काय मोहिनी घातली होती?

दुसऱ्या दिवशी अर्ध्या दिवसाची रजा टाकून ती घरी आली आणि दाराला कान लावून उभी राहिली.

"उडत उडत आई आली, चोचीत दाणा घेऊन आली," मावशी वाचत होती.

पुस्तकात तिथे चिमणी होती. पुढच्या पानावर बदक.

"आता कोण येणार?" लेकीने विचारलं.

"कोण म्हणजे? आईच! संध्याकाळ होईपर्यंत पानापानावर तीच येणार."