पातळात चालतं

आयुष्यातल्या मोठ्या प्रसंगाला माणसाला एकट्यानंच तोंड द्यावं लागतं. अवधूतनं तोंड दिलं तेव्हा समोर बासुंदी होती आणि शेजारी दोन बायका होत्या.

मंगळवारी त्याचं पाऊण जठर कापून काढायचं होतं. त्याआधी सोमवारी हॉस्पिटलात वजन. ते उतरलेलं नसेल तर लिव्हर आकसलेलं नाही, दुर्बीण आत घालायला वाट नाही, असं समजून सर्जन तारीख पुढे ढकलणार होते. पुढची तारीख गणपतीनंतरची होती. गेली दोन वर्षं अवधूतच्या बुटांच्या नाड्या त्याची बायको सुखदा बांधत होती. आधी गमतीनं, मग सवयीनं, आणि हल्ली काही न बोलता. त्या न बोलण्यामुळेच तो ऑपरेशनला तयार झाला होता.

"या वाटेनं आधी गेलेलं कुणीतरी गाठा," असं हॉस्पिटलातल्या समुपदेशक बाईंनी सुचवलं होतं. गाठ पडली ती बेंगळुरूच्या चामराजपेटेतल्या सकवारबाईंशी. ऑपरेशन होऊन तीन वर्षं झालेली, आता निम्म्या उरलेल्या. दर रविवारी सकाळी त्यांच्या माडीवर बैठक भरायची. तिसरी नीला. मूळची नागपूरची, के. आर. पुरमहून मेट्रोनं यायची. तिचा नंबर पुढच्या महिन्यात होता.

सकवारबाईंच्या पोटात चार चमच्यांवर काही मावत नसे. त्यामुळे त्यांची खाण्याची हौस संपली होती आणि वाढण्याची दुप्पट झाली होती.

"घ्या की अण्णा. पातळच हाय."

"अक्का, जरा घट्ट वाटते."

सकवारबाईंनी वाटीत दूध ओतलं. "आता?"

आता पातळ होती.

आहारतज्ज्ञांनी ऑपरेशनआधी 'फक्त पातळ पदार्थ' असं बजावलं होतं. अवधूतनं ते, त्याची आई पुण्यात एकादशी पाळते, तसं पाळलं. म्हणजे अत्यंत कडक आणि सतत चौकशी करत. दातांना त्यानं काडीचं काम दिलं नव्हतं. शंका आली की सकवारबाईंना फोन. आमरस चालतो का? कटाची आमटी? पियूष? पलीकडून प्रत्येक वेळी एकच उत्तर यायचं: "स्वल्प चालतं."

मराठीत स्वल्पापुढे विराम येतो. बेंगळुरूत येत नाही. इथे 'स्वल्प पुढे सोडतो' म्हणणारा रिक्षावाला इंदिरानगर मागे टाकतो.

"प्रोटीन पावडर तरी घेता ना हो तुम्ही?" नीलानं विचारलं.

"घेतो ना. बासुंदीत."

"अन् साखर?"

"साखर विरघळते."

नीला विचारात पडली. "बाप्पा! हे तं मला सुचलंच नसतं," ती म्हणाली आणि तिनं आपली वाटी पुढे केली.

अवधूतनं वाटी चाटूनपुसून खाली ठेवली. आईला त्यानं हर्निया सांगितला होता, ऑफिसात मुतखडा. खरं बोलायला सगळ्या शहरात ही एवढी माडीच होती.

"अक्का," तो हळूच म्हणाला, "आत नेताना भीती वाटली होती का हो?"

"वाटली की! टेबलावर डॉक्टरांचा हात धरला. म्हटलं, सार, स्वल्पच कापा."

"मग?"

"ते उत्तरेकडचे. त्यांना काय कळलं नाही. सगळं कापलं."

अवधूत हसला. एवढा हसला की खुर्ची कुरकुरली, आणि डोळे पुसताना त्याला वाटलं, आता मंगळवारी खुशाल न्या.

"चला, उद्याचं वजन आजच बघून टाकू," नीला म्हणाली. "तेवढाच जिवाला आराम."

घरचा काटा अवधूतला पाहून नुसताच 'एरर' म्हणायचा. पण माडीखाली सकवारबाईंच्या यजमानांचं गुळाचं दुकान होतं, रविवार म्हणून बंद. आतल्या जिन्यानं तिघं खाली उतरली. नीला वाटी हातात घेऊनच उतरली. काट्यावरच्या गुळाच्या ढेपा बाजूला केल्या. सकवारबाईंनी बटण दाबलं, काट्याला हात लावून तो डोळ्यांना लावला.

अवधूत चढला. लाल आकडे धावले, रेंगाळले, थांबले.

पातळ सुरू करण्याआधी हॉस्पिटलात एकशे एक्कावन्न किलो भरलं होतं. इथे एकशे त्रेपन्न.

नीलानं वाटी अलगद एका ढेपेवर ठेवून दिली. सकवारबाईंनी काटा बंद केला, पुन्हा सुरू केला. अवधूत उतरला, पुन्हा चढला. काटा व्यापाऱ्याचा होता. एकदा बोलला ते बोलला.

अवधूत सवयीनं पावलांकडे बघायला वाकला. मध्ये पोट आलं.

"अण्णा," आकड्यांवरची नजर न काढता सकवारबाई मोठ्या आशेनं म्हणाल्या, "चपला काढून बघा की."

चपला त्यानं आल्या आल्याच दाराबाहेर काढल्या होत्या.