पहिला बदल

लिफ्टवर चढवलेली गाडी डोक्यावर तरंगत होती आणि तिच्या पोटाखाली उभे राहून दोघे भाऊ वाद घालत होते: आधी ताकद, की आधी आवाज.

धाकट्याला इंजिनाची ताकद वाढवून हवी होती. थोरल्याला नवा सायलेन्सर हवा होता. गाडी गल्लीत शिरण्यापूर्वी तिची गर्जना शिरली पाहिजे, असे त्याचे म्हणणे. मिस्त्री हात पुसत ऐकत होता. त्याच्या गॅरेजात एका वेळी एकच बदल होई. दोन गोष्टी एकदम बदलल्या, तर कशाने काय झाले ते कळत नाही, असे तो सांगे. तेव्हा आज एकच काय ते निवडायचे होते.

थोरल्याची बायको जरा मागे उभी होती. गाडी तिची होती. शस्त्रक्रियेच्या खोलीत माणसांना भूल देणे हा तिचा व्यवसाय, आणि विद्यार्थिदशेपासून तिला अशीच गाडी हवी होती: दोन दारे, दोनच जागा, जमिनीला टेकलेली. एका म्हाताऱ्या वास्तुविशारदाने विकायला काढलेली ही गाडी तिने स्वतःच्या कमाईतून घेतली, आणि त्याच संध्याकाळी घरात ती ‘आपली गाडी’ झाली. पुढे पुढे तर तिलाच किल्ली मागून घ्यावी लागू लागली. याला कुणी बळकावणे म्हटले नाही. घरात कुणी काही बळकावत नसते. घरात नुसती आपुलकी असते.

“वहिनी, रंग तुम्ही निवडा,” धाकटा म्हणाला. “इंजिनाचं आम्ही बघतो. तुमच्या हाती दिलं तर गाडी झोपायची!”

थोरला मनापासून हसला.

तिचे लक्ष वर होते. छताच्या काचपट्टीतून ऊन झिरपत होते. त्यात गाडीचे पोट एखाद्या मोठ्या माशासारखे शांत दिसत होते. पाहता पाहता मासा हलला. पहाटेचा रस्ता, दोन्ही बाजूंना धुके, आणि आत ती एकटी. वळण मनात येताच गाडी वळत होती. हे स्वप्न तिच्या ओळखीचे होते. अलीकडे मात्र त्यात मध्येच तिचे पाय आखूड होत. क्लच लांब जाई, ब्रेक त्याहून लांब, आणि धुक्यात ती नुसती पाय ताणत राही.

स्वप्नाने फारशी कल्पनाशक्ती खर्च केली नव्हती. दोघे भाऊ ताडमाड. ती जेमतेम त्यांच्या खांद्याला लागे. सकाळी गाडीत बसावे, तर सीट शेवटपर्यंत मागे ढकललेली आणि आरसा छताकडे टक लावून बसलेला. आणि हे ज्या सकाळी गाडी जागेवर असे त्या सकाळचे. एरवी ती बसने जाई. सिंहासनांवर इतिहासकारांनी ग्रंथच्या ग्रंथ लिहिले आहेत. ते मागे कोण सरकवते, याची नोंद कुणी घेतलेली नाही.

“चालवणार कोण, त्यावर ठरतं सगळं,” मिस्त्री म्हणाला.

“आम्ही सगळेच,” नवरा म्हणाला. “घरची गाडी आहे.”

मासा अजून पोहत होता. त्याच्याकडे पाहतच ती म्हणाली, “शर्यतीच्या गाडीत असते तशी सीट बसवून द्याल? मापाची?”

“देतो की. वळणावर अंग हलत नाही तिच्यात. पहिला बदल म्हणून झकास. माप कुणाचं घेऊ, ताई?”

“माझं.”

“अगं, आहे ती सीट काय वाईट आहे?” नवरा म्हणाला. “चांगली मऊ आहे.”

मिस्त्रीने टेप काढला आणि कंबरेपासून गुडघ्यापर्यंत, गुडघ्यापासून टाचेपर्यंत तिचे माप घेतले. “खाली रूळ टाकतो, म्हणजे मागेपुढे सरकवता येईल.”

“रूळ नकोत. थेट तळाला बोल्ट मारा.”

मिस्त्री थबकला. “ताई, मग दुसऱ्या कुणाला बसताच यायचं नाही. साहेबांचे गुडघे स्टिअरिंगखाली अडकतील.”

“हो,” ती म्हणाली. टेबलावरच्या रुग्णाला डोळे मिटायला सांगताना तिचा आवाज असाच मऊ होई.

धाकट्याला अचानक फोनमध्ये काहीतरी पाहायचे आठवले. नवरा मात्र वर गाडीकडे, मग तिच्याकडे, मग पुन्हा गाडीकडे पाहत राहिला.

“आणि मी कुठं बसायचं?”

“शेजारी,” ती म्हणाली. “बोलावलं तर.”