गरजू बाई

शहरातल्या समाजसेवी क्लबाची जीप बीबी गावाजवळच्या वस्तीवर आली तेव्हा सारी वस्ती न्हाऊनधुऊन बसली होती. शाळेच्या दयाराम गुरुजींनी सकाळीच दारोदार सांगितलं होतं, "शहरातले पाहुने येऊन राह्यले. मळक्या कपड्यानं कोनी यायचं नाई. आपल्या वस्तीची इज्जत हाये." मग काय! दुष्काळाचं साल, हंडाभर पाण्याची मारामार, तरी बायांनी त्यातलंच लोटी-लोटी काढून पोरांची तोंडं धुतली.

सिंधूताईनं पेटीतलं पांढरं लुगडं काढलं. बुद्धजयंतीला अन् चौदा एप्रिलला नेसायचं, एरवी घडी मोडायची नाही, असं ते लुगडं. पण आज तिला शिलाई मशीन मिळणार होतं. क्लबाच्या यादीत तिचंच नाव होतं! माहेरी शिवण शिकलेली ही बाई, नवरा गेल्यापासून दुष्काळी कामावर खडी फोडत होती. बीबीच्या कापडवाल्यानं शब्द दिला होता, मशीन आण, परकर-पोलकी शिवायला देतो. म्हणजे खडी सुटणार होती.

मशीन टेबलावर मांडलं होतं, त्याला कागदी फुलांचा हार. क्लबाचे अध्यक्ष रंगरावजी, सरकीचे मोठे व्यापारी, गरिबीवर अर्धा तास बोलले. बोलून घसा सुकला तेव्हा वस्तीनं राखून ठेवलेलं पाणी दोन पेले प्याले. मग नाव पुकारलं गेलं.

सिंधूताई पुढे आली. रंगरावजींनी तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि ते गुरुजींकडे वळले.

"ही कोण?"

"हीच त सिंधूताई, साहेब. विधवा हाये."

"अहो, हिच्या अंगावरचं लुगडं आमच्या मोलकरणीपेक्षा बरं आहे! उद्या फोटो छापून आला की देणगीदार मलाच विचारतील, यात गरजू बाई कोणती म्हणून. ठेवा ते मशीन जीपमध्ये. डोणगावला देऊ."

गुरुजींचं तोंड एवढंसं झालं. ते सिंधूताईजवळ आले आणि खालच्या आवाजात म्हणाले, "सिंधूताई, पटकन जा. रोजचं नेसून ये."

"काऊन? तुमीच त म्हनलं होतं ना गुरुजी, चांगलं नेसून या?"

"म्हनलं होतं, माय. चुकलो मी. जा."

"कुठून आनू? दोघीत रोजचं एकच, ते नेसून बुडी गेली खडीवर, माह्या बदल्यात. आज हजेरी बुडू नये म्हनून."

म्हातारी सासू दोन कोसांवर दगड फोडत होती.

ड्रायव्हरनं हार काढून बाजूला ठेवला आणि मशीन उचललं. सिंधूताईला राग आला, रडू आलं, अन् दोन्ही एकदमच आलं.

"थांबा!"

तिनं पदराचा काठ दातात धरला आणि दोन्ही हातांनी ओढला. इतकी वर्षं जपलेलं लुगडं, टर्रकन फाटलं. तिनं पुन्हा धरलं, पुन्हा फाडलं. वस्तीतल्या बायांनी तोंडावर हात नेले.

"आता दिसतो का मी गरीब, साहेब?"

रंगरावजींनी हात वर करून ड्रायव्हरला थांबवलं, मशीन परत टेबलावर ठेवायला लावलं आणि ते स्वतःची टोपी सारखी करून सिंधूताईच्या शेजारी येऊन उभे राहिले.

फोटोग्राफरनं कॅमेरा डोळ्याला लावला.

"हां बाई, छान. फाटकी बाजू जरा पुढे घ्या."