लाडावलेला कॅन्सर

हाडांच्या मज्जेतली चरबी रक्ताच्या कॅन्सरला औषधांपासून कशी पाठीशी घालते, हे पाहायला तिने प्रयोगशाळेत चिमुकली मज्जा वाढवली होती. तिथल्या कॅन्सरच्या पेशींना ऊब, खाणंपिणं सगळं वेळच्या वेळी. घरच्यांच्या वाट्याला मात्र कालचं उरलंसुरलं. आज इन्क्युबेटर बंद पडला आणि सगळ्या पेशी मेल्या. साहेब हळहळले, सहकारी पाण्याचा ग्लास घेऊन धावले. घरातलं कुणी गेल्यासारखी शोककळा पसरली.

डोळे पुसत ती तशीच दवाखान्यात वडिलांकडे गेली आणि हुंदका देत म्हणाली, "बाबा, माझा सगळा कॅन्सर मेला हो!"

सलाईन लावलेला हात तिच्या डोक्यावर ठेवत बाबा म्हणाले,



"रडू नकोस, बाळा. माझ्या रक्तातला घेऊन जा. तो काही केल्या मरत नाही."