स्टेशनचं नाव

बायको वारल्याचा दवाखान्यातून फोन आला, तेव्हा मी गच्चीवर तिच्या रेडिओची तार बांधत होतो. उल्कावर्षाव दहा दिवसांवर होता. उल्का जळाली की हजार किलोमीटरवरचं स्टेशन काही सेकंद आमच्या केदारखेड्यात ऐकू येतं, आणि ती ते वहीत नोंदवायची. अट एकच: स्टेशनचं नाव ऐकलेलं हवं. वहीत शेवटची ओळ रिकामी राहिली होती. आज उल्कावर्षावाचा दिवस, म्हणून ती भरायला पहाटेच बसलो. मेहुणा म्हणाला, “दाजी, नुसती खरखर ऐकून राह्यलेत.” मी दटावलं, “म्हणूनच तुझी बहीण तुला गच्चीवर येऊ द्यायची न्हाई. गप बस, नाव निसटंल.” ऊन वर आलं. खरखर थांबली आणि बाईचा स्वच्छ आवाज आला, “यह आकाशवाणी का...” मी जिन्याकडे वळून ओरडलो, “अगं, लागलं, जल्दी ये!” नाव माझ्याच ओरडण्यात हरवलं. ती ओळ अजून भरायची आहे.