कोलूतली फौज

चेन्नईजवळच्या सिरुसेरीतल्या आयटी ऑफिसातून दमून आला, तरी विजयेंद्र भिंग लावून बोटाएवढे सैनिक रंगवत बसे. टेबलावर मांडून खेळायच्या लढाईतले सैनिक ते. खेळायला सवड कधी मिळालीच नाही, पण रंगवून रंगवून कपाट भरलं. चेहरा जिवंत वाटावा म्हणून तो प्रत्येकाच्या डोळ्यांखाली करड्या सावलीची बारीक रेघ ओढायचा.

यंदा नवरात्रात अम्माने पायऱ्यापायऱ्यांवर बाहुल्यांचा कोलू मांडला, तेव्हा देवांच्या खालच्या पायरीवर लेकाची ही फौजही कौतुकाने उभी केली.

दसऱ्याला साऱ्या चेन्नईला सुट्टी होती, पण परदेशातल्या क्लायंटला कुठला आलाय दसरा! विजयेंद्र पाय ओढत घरी पोचला तेव्हा आरती उरकली होती. आज रिवाजाप्रमाणे कोलूतली एक बाहुली आडवी करून निजवायची आणि उद्या सगळं आवरायचं. वर देव जागच्या जागी उभे होते. खाली त्याची अख्खी फौज मात्र आडवी झाली होती, अंगावर अम्माच्या जुन्या रेशमी साडीचा तुकडा.

"अगं अम्मा, रंग खरवडला जाईल ना त्यांचा! आणि निजवायची ती एकच बाहुली, तीही देवांपैकी."

"देव काय रे, उद्यापासून वर्षभर पेटीत निजणारच आहेत."

अम्माने साडीचा तुकडा जरासा वर ओढून सारखा केला.



"ह्या सगळ्यांच्या डोळ्यांखाली तू तुझीच वर्तुळं काढून ठेवलीस. तू काही निजत नाहीस, म्हटलं ह्यांना तरी निजवावं."