गाळलेली वर्षं

शस्त्रक्रियेनंतर ड्राइव्हवरची स्मृती मेंदूत परत भरली आणि आप्पांनी डोळे उघडले. केतकीला त्यांनी लगेच ओळखलं. मग तिच्या सावत्र आईकडे, नलूमावशीकडे वळून म्हणाले, "सिस्टर, माझ्या बायकोला बोलवता का?"

केतकीची आई कधीच वारली होती.

आप्पांच्या स्मृतीची प्रत काढताना तंत्रज्ञाने विचारलं होतं, "सगळं मावत नाहीये. मोठा ड्राइव्ह उद्या मिळेल, थांबता?"

"नको," केतकी म्हणाली होती, "आईच्या आजारपणापासून पुढचं गाळा."

"कॉपीत काहीतरी बिघडलं असेल. तू नको रडूस गं," नलूमावशी तिच्या कानाशी म्हणाली. मग आप्पांचं पांघरूण सारखं करत हसली. "बाई येतीलच हं एवढ्यात."

केतकीला मान वर करून तिच्याकडे बघवेना.